बैलासारखा ओढणारा पतंग

आमच्या गुरुजींनी भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी ‘सुट्टीत मी काय करून पाहिले’ असा विषय दिला आहे. पुष्कळ मुलांनी आंब्यांविषयी आणि मामाच्या गावाविषयी लिहिले आहे. माझे उलटे झाले. मी मामाच्या गावाला गेलेच नाही, मामाच आमच्याकडे आला. येताना त्याने पिशवीत एक पतंग आणला आणि त्या पतंगाने मला जमिनीवरून ओढत नेले. ही थाप नाही. आबा साक्षीला आहेत. एवढासा पतंग एवढा जोर कुठून आणतो, ते मी या लेखात सांगणार आहे.

माझा मामा गोव्यात मोरजीच्या समुद्रकिनाऱ्याजवळ हॉटेलात कामाला आहे. तो सांगतो की तिथे चांगला वारा सुटला की माणसे पायाखाली फळी घेऊन समुद्रात उतरतात. हातात मोठा पतंग असतो. पतंग माणसाला पाण्यावरून ओढतो, अगदी मोटारसायकलसारखा. नवीन माणसाला आधी मोठा पतंग देत नाहीत. आधी वाळूत उभे राहून लहान पतंगावर शिकायचे. तसलाच एक जुना, दोन ठिगळे लावलेला पतंग मामाला मिळाला, तो त्याने आमच्यासाठी आणला.

पिशवीतून काढला तेव्हा आम्ही सगळे हसलो. त्याला कामट्या नाहीत, कागद नाही, शेपूट नाही. निस्ते कापड! छत्रीच्या कापडासारखे गुळगुळीत. लांबी दीड मीटर आणि रुंदी अर्ध्या मीटरपेक्षा जरा जास्त. वजन केले तर दोऱ्या सोडून पाव किलोसुद्धा भरले नाही. आमचा बारक्या (माझा भाऊ, दुसरीत आहे) म्हणाला, “मामा, हा तर उशीचा अभ्रा आहे.”

बारक्या चुकून बरोबर बोलला. तो पतंग म्हणजे खरेच एका रांगेत शिवलेले अभ्रे आहेत. वरचे कापड वेगळे, खालचे वेगळे, मध्ये कापडाच्याच भिंती. पुढच्या बाजूला प्रत्येक खणाला तोंड आहे आणि मागची बाजू शिवून बंद आहे. वारा तोंडातून आत शिरतो, त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून सगळा पतंग फुगून ताठ होतो. आपल्या पतंगाला कमान लागते, याची कमान वाराच. अमेरिकेतल्या डोमिना जाल्बर्ट नावाच्या माणसाने 1960 नंतरच्या वर्षांत असा बिनकाडीचा पतंग तयार केला.

आणखी एक फरक आहे. आपण संक्रांतीला उडवतो त्या पतंगाला एक दोरा असतो. याला दोन दोऱ्या, प्रत्येकी वीस मीटरच्या. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. दोन्ही दोऱ्या हातातल्या एका दांडीला बांधलेल्या. दांडीची डावी बाजू ओढली की पतंग डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. हे कळायला आबांना अर्धा मिनिटही लागला नाही. ते म्हणाले, “मंग हे कासरेच की!”

आता जागा. गावात हा पतंग उडवायला मामाने साफ नकार दिला, कारण गावात विजेच्या तारा आहेत. आमचे गाव पैठण तालुक्यात नाथसागराच्या फुगवट्याकाठी आहे. 1976 साली जायकवाडी धरण पुरे झाले आणि आबांचे जुने गाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, तेव्हा मोकळी गाळाची जमीन उघडी पडते. तिथे लोक गाळपेरा करतात, टरबुजे लावतात. मे महिन्यात पीक निघून गेलेले असते. झाड नाही, तार नाही, दगड नाही. थंडीतले पाहुणे पक्षीही परत गेलेले असतात. दुपारनंतर पश्चिमेचा वारा असा सुटतो की डोक्यावरचा पदर राहत नाही. वारा पाण्याकडून येत होता, म्हणून पतंग पाण्यावर न जाता कोरड्या रानावर राहणार होता. ही जागा मामाने पायी फिरून, पाहून पसंत केली.

पहिल्या दिवशी मामाने उडवला, मग मला दांडी दिली. पतंग माझ्या डोक्यावर होता आणि अगदी गरीब वाटत होता. मला वाटले, यात काय विशेष! संक्रांतीचा पतंगसुद्धा याच्यापेक्षा जास्त कुरकुर करतो. मामा ओरडला, “वरच ठेव, खाली आणू नको.” पण मी उजवी बाजू ओढली. पतंग वळला आणि सूं आवाज करत खाली धावला. मग काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. हात पुढे गेले, हातामागे मी गेले. पाच-सहा पावले पळाले आणि तोंडावर पडले. पडले तरी दांडी सोडली नाही, म्हणून पोटावर घसरत गेले. नाकात गाळ, तोंडात गाळ. मामा मागून “सोड! सोड!” करीत होता. शेवटी सोडली.

सोडल्यावर पतंग उडून गेला नाही, हे लक्षात ठेवा. दांडीला एक पट्टा असतो तो मनगटात घालायचा. तो पट्टा फक्त एकाच दोरीला जोडलेला असतो. दांडी सोडली की दुसरी दोरी ढिली पडते, पतंग वाकडा होतो, त्यातला वारा निघून जातो आणि तो कापडासारखा खाली पडतो. घाबरलो की आपण घट्ट धरतो, पण इथे सोडायचे असते. मला ते तोंडात गाळ गेल्यावर समजले.

मग आबांनी दांडी घेतली. आबांचे वय सत्तरच्या पुढे आहे. त्यांनी आयुष्यात पतंग उडवलेला नाही, पण बैल पुष्कळ हाकले आहेत. ते पाय रोवून, जरा मागे रेलून उभे राहिले आणि दोन्ही हात अंगाजवळ ठेवले. माझ्यासारखे हिसके त्यांनी दिले नाहीत. पतंग डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे असा इंग्रजी आठ काढत फिरू लागला. मामा पाहतच राहिला. तो म्हणाला, “मला हे शिकायला चार दिवस लागले होते.” आबा म्हणाले, “गोऱ्हं हाये हे. सारखं वढलं तर बिथरतं. कासरा जरा ढिला सोडायचा, मंग ऐकतं.”

घरी येऊन आम्ही भांडलो. मी म्हणाले, पतंगाने मला वीस किलोच्या जोराने ओढले. मामा म्हणाला, इतके नसेल. बारक्या म्हणाला शंभर. तेव्हा ठरले की मोजायचे. नाथसागरावर मासे विकणाऱ्या एका काकांकडून आम्ही लटकता काटा मागून आणला. त्याला घड्याळासारखी तबकडी आहे आणि वीस किलोपर्यंत आकडे आहेत. आबांनी गाळात एक मोठी मेख ठोकली. मेखेला काटा बांधला आणि काट्याच्या आकड्याला दांडीचा मधला भाग दोरखंडाने बांधला. आता ओढ सगळी काट्यावर पडणार आणि मामा हातांनी फक्त दांडी तिरकी करणार. मी पालथी पडून तबकडी वाचत होते. बारक्या वहीत लिहीत होता.

पतंग डोक्यावर थांबलेला असताना काटा एक किलोच्या आसपास होता. कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी. पतंग बाजूला, जमिनीजवळ पण कडेला नेला, तरी तेवढेच. पण मामाने तो समोरून मधोमध धावता केला की काटा एकदम आठावर, नवावर जायचा. एकदा जोराची झुळूक आली तेव्हा अकराच्या पुढे गेला. वीस एकदाही झाले नाहीत, म्हणजे मी हरले. पण माझे स्वतःचे वजन शाळेतल्या तपासणीत 26 किलो भरले आहे. आठ-नऊ किलोचा हिसका समोरून बसला तर 26 किलोची मुलगी उभी राहत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

मित्रमैत्रिणींनो, खरी गंमत इथे आहे. पतंग तोच, वारा तोच, दोऱ्या त्याच. मग एक किलोचे नऊ किलो कसे झाले? शाळा उघडल्यावर मी वही गुरुजींना दाखवली आणि त्यांनी तीन दिवस मधल्या सुट्टीत मला हे समजावले. मला समजले तसे लिहिते.

वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून तळहात थोडा बाहेर धरला आहे का? गाडी हळू असते तेव्हा वारा हात जरासा ढकलतो. गाडीचा वेग दुप्पट झाला की ढकलणे दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला तर नऊपट. म्हणजे वेगाला त्याच वेगाने गुणायचे. दोन दुणे चार, तीन त्रिक नऊ. आपण पाढे पाठ करतो ते वाऱ्यालाही येतात!

पण वारा तर तेवढाच होता, त्याचा वेग वाढला नव्हता. बरोबर. वेग पतंगाचा वाढला. सायकल जोरात चालवली की वारा नसतानाही तोंडाला वारा लागतो. तसा धावणाऱ्या पतंगाला आभाळातला वारा लागतोच, शिवाय स्वतःच्या धावण्याचाही लागतो. थांबलेल्या पतंगाला तो दुसरा वारा मिळत नाही. म्हणून लहान पतंग धावला की मोठ्यासारखा ओढतो.

मी विचारले, “गुरुजी, पण वारा त्याला स्वतःपेक्षा जास्त वेगाने कसा पळवील?” गुरुजी म्हणाले, “सीताफळाची ओली बी दोन बोटांत धरून दाब.” सीताफळाचे दिवस नव्हते, पण मला लगेच आठवले. बोटे अगदी हळू दाबतात आणि बी सुळकन बाजूला उडते, पार ओसरीच्या बाहेर. बोटांच्या वेगापेक्षा तिचा वेग किती जास्त! पतंगही तसाच आहे. एकीकडून वारा दाबतो, दुसरीकडून दोरी धरून ठेवते. मध्ये सापडलेला तिरका पतंग बाजूला सटकतो. वाऱ्याच्या बरोबर नाही, वाऱ्याला आडवा. म्हणून तो वाऱ्यापेक्षा दोनपट, तीनपट वेगाने पळू शकतो. तीन त्रिक नऊ, आणि आमच्या वहीतही नऊ! मी टाळ्या वाजवल्या. पण गुरुजी म्हणाले, हिशेब इतका सरळ नसतो, पतंग किती तिरका आहे त्यावरही अवलंबून असते. आपला आकडा जवळपास आला एवढेच समज.

पतंगाला जागाही लागते. टरबूज मधोमध कापा, आतला गर खा (हे कठीण नाही) आणि अर्धी साल उपडी ठेवा. समजा तुम्ही मुंगी होऊन तिच्या आत मधोमध उभे आहात आणि वारा तुमच्या पाठीवर आहे. दोरी ताठ असल्यामुळे पतंग नेहमी सालीच्या आतल्या बाजूलाच राहतो. अगदी वर आणि डाव्या-उजव्या कडेला त्याची ओढ सौम्य असते. तुमच्या समोर, सालीच्या मधोमध, ओढ सगळ्यांत जास्त. मी पहिल्या दिवशी पतंग वरून थेट तिथेच आणला होता.

पतंगाने ओढून घेण्याचा हा उद्योग फार जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन लहान असताना तळ्यात पोहत होते. त्यांनी पतंगाची काठी हातात धरली, पाण्यावर उताणे पडले आणि पतंगाने त्यांना तळ्याच्या पलीकडे नेले. कपडे घेऊन त्यांचा मित्र काठाने चालत गेला. पुढे त्यांनी लिहून ठेवले की अशाने इंग्लंड आणि फ्रान्समधला समुद्रही ओलांडता येईल. 1903 साली सॅम्युअल कोडी यांनी पतंगाला लहान होडी बांधून तो खरोखर ओलांडला.

मला सगळ्यांत आवडलेले म्हणजे जॉर्ज पोकॉक. ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टल गावी शाळेत गुरुजी होते! त्यांनी 1826 साली पतंगाने चालणाऱ्या गाडीचा हक्क सरकारकडे नोंदवला. घोडा नाही, बैल नाही, पुढे नुसते दोन पतंग. गाडी तासाला तीस किलोमीटरच्या आसपास पळायची आणि रस्त्यावरच्या घोडागाड्यांना मागे टाकायची. त्या वेळी तिकडे जनावरे मोजून टोल घेत. या गाडीला जनावरच नाही, म्हणून टोल नाही, असे सांगतात. पोकॉक गुरुजींनी स्वतःच्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचललेही होते. मी आईला हे सांगितले तर आई म्हणाली, “त्या पोरीची आई कुठं होती तेव्हा?”

अलीकडचे सांगायचे तर 2008 साली जर्मनीहून निघालेल्या एका मालवाहू जहाजाला इंजिनाबरोबर 160 चौरस मीटरचा पतंग जोडला होता. आमच्या वर्गासारखे तीन वर्ग जोडले तरी तेवढी फरशी होणार नाही. जळण वाचावे म्हणून ते केले. आणि 2024 च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्समधल्या मार्सेय येथे पतंग धरून पाण्यावर शर्यती झाल्या. पतंगाला ऑलिंपिक पदक!

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मी दोनदा खोडले आहे.

बारक्याच्या हाताला लागले होते ते सगळ्या गावाला माहीत आहे. संक्रांतीला मांजाने कापते म्हणून आपण घाबरतो, आणि नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे. मामाच्या दोऱ्यांना काच नव्हती, त्या मांजा नव्हत्या. पण बारीक दोरीवर आठ-नऊ किलोची ओढ आली की काच नसली तरी ती सुरीच होते. मामाने हे आम्हांला सांगितले होते. दोरीला हात लावायचा नाही, फक्त दांडी धरायची. पतंग खाली ठेवला की त्याच्या मागच्या कडेवर भरपूर माती टाकायची, म्हणजे तो फुगणार नाही. आणि दोऱ्या लगेच गुंडाळायच्या.

तिसऱ्या दिवशी मामा आणि आबा पाणी प्यायला गाडीपाशी गेले. जाताना मामा मला म्हणाला, “माती टाक आणि दोऱ्या गुंडाळ.” मी ओंजळभर माती टाकली आणि दोऱ्या तशाच ठेवल्या. मला एका दोरीची ओढ वेगळी पाहायची होती. मी बारक्याला एक दोरी धरायला सांगितले. ती हातातून निसटत होती. तेव्हा मीच म्हणाले, “हाताला वेढा दे.” त्याने दिला. तेवढ्यात झुळूक आली, माती सरकली, पतंग फुगला आणि उठला. बारक्या ओरडला. मी दोरी माझ्याकडे ओढली तर वेढा आणखी आवळला. आबा धावत आले, पण बारक्याकडे नाही, ते थेट पतंगाकडे गेले आणि त्याच्यावर अंग टाकून पडले. मगच दोरी ढिली झाली. मला ते तेव्हा सुचले नव्हते.

बारक्याच्या करंगळीजवळची कातडी निघाली. दवाखान्यात पट्टी केली. आठ दिवस तो डाव्या हाताने जेवला. घरी आई मामाला खूप बोलली. मोठा माणूस असून पोरांच्या हाती असली वस्तू देऊन गेलास, असे म्हणाली. मामा काहीच बोलला नाही. मी पण बोलले नाही. बारक्यानेही माझे नाव सांगितले नाही. दोन दिवसांनी मामा गोव्याला निघून गेला.

आई, तू पालकसभेला येशील तेव्हा हे वाचशील. मामाने मला बरोबर सांगितले होते. वेढा द्यायला मी सांगितले होते. मामाला मी परवा वडिलांच्या फोनवरून हे सांगितले. तो म्हणाला, “मला माहीत होतं. ओंजळभरच माती पाहिली ना मी.”

पतंग सध्या आईने लोखंडी पेटीत ठेवला आहे आणि किल्ली तिच्याकडे आहे. पाऊस चांगला झाला तर गाळाची जागा आता पाण्याखाली जाईल, म्हणजे पुढचा उन्हाळा येईपर्यंत काही करता येणार नाही. बारक्याचा हात बरा झाला आहे, खूण राहिली आहे. पट्टी सुटल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली, तर त्या दिवसाचे आकडे वहीत पुन्हा नीट उतरवले, कारण आधीचे डाव्या हाताचे अक्षर गुरुजींना लागत नव्हते.

आबांना मात्र चैन नाही. ते रोज विचारतात, एक पतंग नऊ किलो ओढतो तर किती पतंगांवर कुळव चालेल? गुरुजी म्हणाले, आधी कुळव ओढायला किती जोर लागतो ते काट्यावर मोजून आणा. पण मासेवाल्या काकांचा काटा वीसच किलोचा आहे.

(इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी)